मिक्सरवाल्याचा चेहरा

कंपनीने फोटो मागितला नसता, तर मधुसूदनराव पारखी लखनौत निवांत म्हातारे झाले असते. पण कंपनी पडली पुण्याची. पुण्याच्या माणसाने काही मागितलं की ते नीटच असावं लागतं.

त्याचं असं झालं. बँकेतली नोकरी मुदतीआधी सोडून मधुसूदनरावांनी मिक्सरची एजन्सी घ्यायचं ठरवलं. हजरतगंजच्या मागच्या गल्लीत गाळा घेतला, पाटी रंगवून घेतली. एजन्सी तेवढी मिळायची राहिली होती. (हा क्रम पत्नी यमुनाबाईंना पटला नव्हता, पण त्यांना विचारलं तोवर पाटीचा रंग वाळला होता.) एजन्सी नाही मिळाली, तर त्या गाळ्यात काय ठेवायचं, या विचाराने दोघांनाही झोप लागत नव्हती.

कंपनी माहितीपत्रकात विक्रेत्याचा फोटो छापणार होती. मधुसूदनरावांनी घरात सापडला तो पाठवून दिला. चारच दिवसांत मॅनेजर हणमंतराव घोरपड्यांचा फोन आला.

"पारखी, हा फोटो बघून लोक मिक्सर घेणार नाहीत, पोलिसांना कळवतील. चांगल्या स्टुडिओत जा. धंद्यात गिऱ्हाईक आधी चेहरा घेतं, मग वस्तू. मी पुढच्या महिन्यात येतोय, तेव्हा एजन्सीचं बघू."

"चेहरा बघून घेतात म्हणे," मधुसूदनराव फोन ठेवत म्हणाले.

"मी न बघताच घेतला," यमुनाबाई म्हणाल्या.

हजरतगंजमधल्या स्टुडिओचे मालक रिझवानसाहेब. माणूस इतका अदबशीर, की त्याच्यासमोर खुर्चीत बसायलाही संकोच वाटावा. त्यांनी मधुसूदनरावांना स्टुडिओतला कोट चढवला, तो पाठीमागून टाचण्या लावून आवळला आणि दिवे लावले.

"हुज़ूर, गुस्ताख़ी माफ़, ठोड़ी को ज़रा-सी ज़हमत दें."

मधुसूदनरावांनी हनुवटी खाली घेतली.

"सुभानअल्लाह. बस इतनी नहीं."

वर घेतली. मग खांद्याला ज़हमत झाली, मग भुवयांना. मध्येच चहा आला. दिवे इकडचे तिकडे झाले. टाचणी टोचत होती, कानामागून घाम उतरत होता. सरळ 'मान हलवू नका' म्हणून कोणी खेकसलं असतं, तर मधुसूदनरावांना माहेरी आल्यासारखं वाटलं असतं.

"बहुत ख़ूब. अब यूं मुस्कुराइए, जैसे मुस्कुरा न रहे हों."

मधुसूदनरावांनी तसं करून पाहिलं. तोंड कसं झालं ते त्यांना दिसत नव्हतं, हे एक बरं होतं. तेवढ्यात दिवा चमकला.

"यह तो सिर्फ़ लाइट देखी है," रिझवानसाहेब म्हणाले.

असं बराच वेळ चाललं. शेवटी ते कॅमेऱ्यामागून म्हणाले, "हो गया, हुज़ूर." मधुसूदनरावांनी सुटकेचा श्वास सोडला, अंग सैल झालं, आणि पुन्हा दिवा चमकला.

"असली तस्वीर 'हो गया' के बाद ही आती है," साहेब हसून म्हणाले.

निघताना दारात निरोपानिरोपी सुरू झाली. रिझवानसाहेब एका निरोपात थांबणारे नव्हते. "इजाज़त हो तो दो तस्वीरें हमारे साले साहब के भी काम आ जाएं? चौक में दवा का छोटा-सा काम है."

मधुसूदनरावांचा एक पाय रिक्षात होता. "हां हां, ज़रूर," ते म्हणाले.

फोटो मात्र खरोखर सुरेख आला. यमुनाबाई तो उजेडात धरून उभ्या राहिल्या. "लग्नात असे दिसला असतात, तर मी मान वर केली असती," त्या हळूच म्हणाल्या.

पंधरवड्याने मुलगी रुचा जुन्या लखनौतल्या चौक बाजारातून चिकनकारीचा कुर्ता घेऊन आली. कुर्ता दाखवायच्या आधी म्हणाली, "पापा, आप दीवार पे हो."

"कुठल्या भिंतीवर?"

"सब पे."

मधुसूदनराव तसेच चौकात गेले. पोस्टरवर डावीकडे ते स्वतः होते, 'जैसे मुस्कुरा न रहे हों' अवस्थेतले. खाली लिहिलं होतं 'पहले'. उजवीकडे सुटकेचा श्वास, खाली 'बाद में'. आणि दोन्हींच्या खाली बद्धकोष्ठाच्या चूर्णाची जाहिरात, 'पुराने से पुराना कब्ज़. एक चम्मच, रात को.'

तिथून ते तडक स्टुडिओत गेले.

"आपने ही तो इजाज़त बख़्शी थी, हुज़ूर."

"पण मुझे कब्ज़ नहीं है."

रिझवानसाहेबांनी डावीकडच्या फोटोकडे एक नजर टाकली. "अल्लाह का करम है," ते मृदूपणे म्हणाले. "और काग़ज़ का क्या, हुज़ूर. एक बरसात में ख़ुद ही उतर जाएगा."

हणमंतराव पावसाआधी येणार होते. त्यांना चारबाग स्टेशनवर उतरवून घ्यायचं, थेट गोमती नगरला घरी आणायचं, चौकाचं नावही काढायचं नाही, असं घरात ठरलं. पण हणमंतराव दोन दिवस आधीच येऊन चौकात खात हिंडत होते.

घरी येऊन ते पोह्यांपुढे बसले आणि मधुसूदनरावांकडे टक लावून पाहू लागले. यमुनाबाईंनी उगाच लिंबाची दुसरी फोड वाढली.

"पारखी," हणमंतराव आवाज उतरवून म्हणाले, "दोन दिवस कुलचे-कबाब चाललेत. ते चूर्ण खरंच लागू पडतं का हो?"

संपला आपला धंदा, असं मधुसूदनरावांना वाटलं. "मी घेत नाही साहेब," ते म्हणाले.

"मग तो चेहरा?"

"तुम्हीच म्हणालात ना, चांगल्या स्टुडिओत जा. तिथे झाला तो."

हणमंतराव इतके हसले, की पोहे नाकात गेले. पाणी पिऊन डोळे पुसत म्हणाले, "एजन्सी तुमची. गावभर चेहरा झालेला माणूस मला दुसरा कुठे मिळायचा? ते दोन्ही फोटो मात्र आणा इकडे. कुठला छापायचा ते मी बघतो."

मधुसूदनरावांनी स्टुडिओतून दुसराही आणला आणि चांगला फोटो वर ठेवून दोन्ही दिले.

दिवाळीच्या तोंडावर माहितीपत्रकांचे गठ्ठे आले. मधुसूदनरावांनी वरचं पत्रक काढलं, वाचलं आणि स्वयंपाकघरात नेलं. हणमंतरावांनी कुठला छापायचा ते बघितलं होतं. डावीकडे तोच चेहरा, खाली 'मिक्सर से पहले'. उजवीकडे सुटकेचा श्वास, खाली 'मिक्सर के बाद'.

यमुनाबाई पाट्यावर चटणी वाटत होत्या. (घरातला मिक्सर गिऱ्हाइकांना दाखवायला दुकानात नेला होता.) त्यांनी पदराला हात पुसला आणि पत्रक नीट, वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"एवढी वर्षं वाटतेय मी," त्या म्हणाल्या, "आणि दमलेलं तोंड तुमचं."