एल्रॉयची फेक

थँक्सगिव्हिंगच्या दिवशी लोर्ना हॅस्केटने पहाटे पाचला उठून टर्की भाजायला घातली. पक्षी लहानसाच होता. भाजून झाल्यावर गरम राहावा म्हणून तिने तो चंदेरी कागदात गच्च गुंडाळून ओट्यावर ठेवला आणि कपडे बदलायला वर गेली. स्वयंपाकघरात तिचा नवरा एल्रॉय आणि जावई गॅरेट एवढेच उरले. तिथेच चुकलं. त्यांच्या लाडक्या अमेरिकन फुटबॉल संघात चेंडू फेकणारा गडी, म्हणजे क्वार्टरबॅक, कोण असावा यावर दोघांचं कधीच पटत नसे.

"मुख्य क्वार्टरबॅकच्या गुडघ्याचा भरवसा नाही," गॅरेट म्हणाला. "राखीव म्हणून ट्रॅमेलच हवा. बावीस वर्षांचा आहे. चेंडू कसा सणसणत जातो!"

"आणि पडतो कुठे? प्रेक्षकांत!" एकाहत्तर वर्षांचा एल्रॉय उसळला. "मॅकेल्वीला ठेवा. डोकं थंड आहे त्याचं."

"डोकं काय चाटायचंय? अडतिशी गाठली त्याने. वय झालं की फेक लांब जात नाही, एल्रॉय."

हा टोला मॅकेल्वीला होता, पण लागला एल्रॉयला.

"चल अंगणात! कुंपणापाशी उभा राहा!"

चेंडू कुठे दिसेना. ओट्यावरचं चंदेरी गाठोडं मात्र आकाराने त्या लांबट चेंडूशी अगदी जमणारं होतं; एल्रॉयने तेच उचललं. सासरा फेकायचा नाही, या खात्रीने गॅरेट कुंपणापाशी हसत उभा राहिला. एल्रॉयने फेकलं. टर्की गॅरेटच्या डोक्यावरून, कुंपणावरून गेली आणि रस्त्याने चाललेल्या ओपल डिअर्किंगबाईंच्या पिकअपच्या हौद्यात धप्पकन पडली. पिकअप थांबलीसुद्धा नाही.

दोघेही आ वासून बघत राहिले.

"किल्ली आण!" एल्रॉय ओरडला.

पिकअप सापडली चर्चच्या दारात. ओपलबाई गावजेवणासाठी भाज्या घेऊन आल्या होत्या. दोघे धापा टाकत आत शिरले, तेव्हा पाद्री टर्की कापत होता आणि ओपलबाई आकाशातून आलेल्या टर्कीबद्दल देवाचे आभार मानत होत्या.

"मागा ना," गॅरेट कुजबुजला.

"तू माग. तुझ्यामुळे झालं सगळं."

एवढ्यात पहिली ताटली एका म्हाताऱ्यापुढे गेली. घास घेऊन तो हळूच म्हणाला, "बायको गेल्यापासून असलं घरचं खाल्लं नव्हतं."

दोघे मुकाट्याने मागे फिरले.

घराच्या दारात लोर्ना कमरेवर हात ठेवून उभी होती. मागे नऊ पाहुणे. एल्रॉयने खाली मान घालून सगळं सांगितलं. लोर्नाने एकदा कुंपणाकडे आणि एकदा रस्त्याकडे पाहिलं.

मग तिने विचारलं, "किती लांब गेली?"

"असेल... वीस यार्ड."

"चालत्या गाडीत?"

"हो."

लोर्नाने कोट चढवला. "चला सगळे चर्चमध्ये. निदान माझी टर्की कशी झालीय ते तरी कळू दे." मग पायरीवरून ती जावयाकडे वळली. "गॅरेट, तो ट्रॅमेलही नको आणि मॅकेल्वीही नको. त्या प्रशिक्षकाला फोन लाव. म्हणावं, राखीव गडी आमच्या घरी आहे, आजच घेऊन जा. परत नाही पाठवलात तरी चालेल!"