नापास होण्याची पूर्वतयारी

आमची कन्या सातवीत आहे आणि हुशार आहे. हे मी बाप म्हणून सांगत नाही. तिचे गुणच तसं सांगतात; मी फक्त ते चारचौघांत मोठ्याने वाचतो. मागच्या सत्रापासून मात्र परीक्षेच्या सकाळी तिच्या पोटात दुखू लागलं. डॉक्टरांनी जीभ पाहिली, पोट दाबलं आणि पोटात काही नाही असा निर्वाळा दिला. ते खरंच होतं. परीक्षेच्या सकाळी ती काही खातच नव्हती.

शाळेने अशा मुलांसाठी एक समुपदेशक बाई नेमल्या होत्या आणि त्यांना जिन्याखालची, मोडकी बाकं ठेवायची खोली दिली होती. बाई समजूतदार होत्या. कन्येशी बराच वेळ बोलल्यावर त्यांनी आम्हा नवरा-बायकोला आत बोलावलं.

"तुमची मुलगी कधी नापास झालीय?"

"छे, छे! आमच्या घराण्यात—"

"तिथंच पाणी मुरतंय. जे कधी पाहिलंच नाही त्याची भीती फार वाटते. एखाद्या वेळी राहिली मागे तर राहू द्या. आभाळ कोसळत नाही, एवढं कळलं की पोटदुखी आपोआप थांबेल."

बायकोला हे लगेच पटलं. मलाही पटलं. मी फक्त एवढंच विचारलं, "कुठल्या विषयात?"

बाईंचं म्हणणं मुख्याध्यापकांच्या कानावर गेलं. चांगली कल्पना दिसली की तिचं परिपत्रक काढल्याशिवाय या गृहस्थांना अन्न गोड लागत नाही. परिपत्रक असं: 'मानसिक ताण कमी करण्याच्या दृष्टीने सर्व हुशार विद्यार्थ्यांनी चालू सत्रात किमान एका विषयात नापास होणे अनिवार्य आहे. नापास होण्यास असमर्थ ठरणाऱ्यांना वरच्या वर्गात प्रवेश मिळणार नाही.' हुशार कोण, हे ठरवायला आधी एक चाचणी घेण्यात आली. त्या सकाळीही कन्येच्या पोटात दुखलं.

पालकसभेला सभागृह भरून गेलं. एक दंतवैद्य पालक पहिल्याच रांगेतून उठले.

"पस्तीसला पास ना? मग माझा मुलगा चौतिसावर राहिला तर धरणार का?"

"धरू," मुख्याध्यापक म्हणाले. "पण त्याला काठावर नापास म्हणतात. उत्तम शेरा मिळणार नाही."

"मग उत्तम नापास कशाला म्हणायचं?"

मुख्याध्यापकांनी जागच्या जागी श्रेणी ठरवली. दहाच्या आत आलेला विद्यार्थी विशेष प्रावीण्यासह नापास. सगळ्यांनी ते लिहून घेतलं. समुपदेशक बाई मागे उभ्या राहून काहीतरी कळवळून सांगत होत्या, पण माईक दंतवैद्यांकडे होता.

आठवड्याच्या आत चौकात क्लासची पाटी लागली: 'हमखास नापास. जागा मर्यादित.' कन्येला इतिहासासाठी घातलं. तिथले सर फार कडक. त्यांच्या मते बेधडक चुकणं हे कच्च्या मुलांचं काम; हुशार मुलांनी विचारपूर्वक चुकावं. त्यासाठी प्रत्येक प्रश्नाचं बरोबर उत्तर आधी तोंडपाठ करायचं आणि मग त्याची तीन चुकीची उत्तरं. कन्येचा अभ्यास चौपट झाला. तिची खेळण्याची संध्याकाळही त्यात गेली, पण ताण घालवायचा म्हणजे कष्ट आलेच.

परीक्षा देऊन ती रडतच बाहेर आली.

"बाबा, माझ्याकडून चुकून बरोबर लिहिलं गेलं!"

निकाल लागला आणि पोरगी चक्क पास झाली. घरावर सुतकी कळा पसरली. दंतवैद्यांच्या मुलाला भोपळा मिळाला होता. त्यांनी सबंध इमारतीत चॉकलेटं वाटली. आत्याने फोनवर कन्येची समजूत काढली, "रडू नको गं, नशिबात असेल तर पुढच्या वेळी होशील नापास."

मी मुख्याध्यापकांकडे धावलो. "सर, मुलगी पास झाली हो. काहीतरी करा!"

त्यांनी परिपत्रक पुन्हा वाचलं. "अहो, घाबरता काय? नापास होण्यात ती नापास झाली. म्हणजे नापास झालीच की! अट पूर्ण."

माझा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच त्यांच्या कपाळावर आठी उमटली. "पण अट पूर्ण झाली म्हणजे नापास होण्यात ती पास झाली. मग नापास झाली कुठे?"

आम्ही दोघांनी परिपत्रक उलटं धरूनही वाचून पाहिलं. शेवटी त्यांनी फेरपरीक्षेचा आदेश दिला.

फेरपरीक्षेला इतकी मुलं होती, की कोऱ्या उत्तरपत्रिका ठेवायला जिन्याखालची खोली घ्यावी लागली. समुपदेशक बाई जिन्याच्या पायरीवर बसल्या होत्या. कन्या त्यांच्याशेजारी जाऊन बसली, पोटावर हात धरून. मी तिला उठवायला गेलो.

"बाबा, मी पेपरला बसलेच नाही तर?"

"मग तू ना पास, ना नापास. नुसतीच राहशील."

"मला तेच व्हायचंय," ती म्हणाली.

खरं सांगतो, मला भडभडून आलं. पोरीचा चेहरा एवढासा झाला होता. बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला त्यांची नजर चुकवावी लागली. मी कन्येला जवळ घेतलं, केसांवरून हात फिरवला आणि म्हटलं, "एवढा एक पेपर दे, मग सुट्टीच सुट्टी." हे मी तिला पहिलीपासून सांगत आलोय. ती उठली आणि आत गेली. शहाणी मुलगी आहे.

निकाल परवा लागला. तेव्हापासून ही हकिगत मी ज्याला सांगतो तो पोट धरधरून हसतो. काय ही शाळा, काय हे पालक, म्हणून कपाळाला हात लावतो. मग डोळे पुसत एकच प्रश्न विचारतो. पोरीचं पोट दुखायचं थांबलं का, हे अजून कुणी विचारलेलं नाही. तुमच्याही ओठांवर तोच प्रश्न आहे, दिसतंय मला. विचारा की! लाजता कशाला? किती पडले ते सांगायला तर मी बसलोय.