मधात आहेच

त्रिघाती समीकरणाला निदान एक वास्तव मूळ असतंच, या एकाच गोष्टीवर आमच्या शेजारच्या चिमोटे सरांचा भरवसा होता. बाकी साऱ्या जगाची त्यांना धास्ती. कुलूप लावून निघाले की कोपऱ्यावरून परत येऊन ते ओढून बघणार. दूध उतू गेलं असेल म्हणून भर तासाला शाळेतून घरी धावणार!

शाळेत ते गणित शिकवत. "क्ष एक घातला, उत्तर उणे आलं. दोन घातला, अधिक आलं. मंग शून्य कुठी असन? मधातच ना गा! अर्धं कर, पाहा. अजून अर्धं कर." उत्तर सापडलं तरी पोरांची सुटका नसे. ते समीकरणात घालून शून्य येतं का, हा ताळा हवाच. "ताळ्याबिगर उत्तर मले चालत नाही!"

घरीही तीच रीत. तेव्हा सक्करदऱ्यात आमची गल्ली कच्चीच होती. एकदा गल्लीच्या तोंडाशी नळाला पाणी होतं, आमच्याकडे ठणठणाट. "मधात भानगड आहेच," म्हणून सरांनी बरोब्बर मध्यावर खोदायला लावलं. भानगड माझ्याच तोटीत निघाली. त्या खड्ड्याला पुढे सरांचं नाव पडलं.

मग सरांच्या बायकोला, आमच्या काकूंना, विसर पडू लागला. आधी भाजीतलं मीठ, नंतर माणसांची नावं. आणि एका दुपारी सर शाळेतून आले तर दार सताड उघडं, काकू घरात नाहीत.

सर घामाघूम होऊन मला घेऊन निघाले. कोपऱ्यावरचा पानठेलेवाला म्हणाला, "काकू? आत्ताच गेल्या न तलावाकडं." तलावाशी मात्र कोणीच त्यांना पाहिलं नव्हतं. सर पाण्याकडे बघेनात.

"तिथं हो, इथं नाही," ते पुटपुटले. "मधात आहेच. असलीच पाहिजे गा."

अर्ध्या वाटेवर पिठाची चक्की होती. तिथं काकू दिसल्या होत्या. उरलेल्या वाटेच्या अर्ध्यावर सायकल दुरुस्तीवाला. त्यानं पाहिलं नव्हतं. म्हणून आम्ही मधल्या बोळात शिरलो. तिथं एका ओट्यावर, चपला शेजारी नीट काढून, काकू बसल्या होत्या.

सर त्यांच्या पायाशी बसले. मी हसत म्हणालो, "काकू, ओळखलं का यांना..."

सरांनी माझा हात घट्ट दाबला.

"ताळा नको करू गा," ते हळूच म्हणाले. "आज नको."

आणि खाली वाकून ते काकूंच्या पायात चपला घालू लागले.