चपला मोजणारे गांगुर्डे

सकाळी सहा वाजता आमच्या कॉलनीमागच्या गोदावरीच्या घाटावर लोक अंघोळीला यायचे, पूजेला यायचे, क्वचित पाप धुवायला यायचे. आमचे शेजारी वसंतराव गांगुर्डे चपला मोजायला यायचे.

हसू नका, मुलांनो. सगळ्यात वरच्या पायरीवर घडीचं स्टूल टाकून ते बसत. आधी पायऱ्यांवर काढून ठेवलेले चपलांचे जोड मोजायचे, मग पाण्यातली डोकी. आकडे जुळले की स्वतःशीच म्हणायचे, "पास!" जुळले नाहीत की उठून गर्जना करायचे, "एक नग कमी! कोण बुडालं? हात वर करा!"

बहुतेक वेळा कोणी बुडालेलं नसे. कोणीतरी अनवाणीच चहा प्यायला गेलेलं असे. एकदा या आरोळीमुळे तुमचे आजोबाच टपरीवर सापडले, हातात गोड चहा आणि खारी घेऊन. डॉक्टरांनी त्यांना साखर बंद केली होती, त्यामुळे त्या दिवशी खरे बुडाले ते तेच.

हा नाद गांगुर्डे भाऊजींना ओझरच्या विमान कारखान्यातून लागला. तिथे ते तपासनीस होते. विमानाच्या पोटात काम करायला नट आवळायचे तेरा पाने नेले, तर बाहेर तेराच आले पाहिजेत. एक आत राहिला तरी विमान जागचं हलत नाही. निवृत्त झाल्यावर विमानं गेली, मोजणं राहिलं. त्याच वर्षी त्यांची बायको, आमच्या शैलावहिनी, गेल्या. तेव्हापासून भाऊजी मेसच्या डब्यावर जेवत आणि स्वतःचा गॅस फक्त चहापुरता पेटवत.

तुमच्याकडे समुद्रकाठी उंच खुर्चीवर शिट्टी घेऊन बसलेला लाइफगार्ड मी पाहिलाय. तो पगारी असतो. भाऊजी बिनपगारी होते आणि त्यांना पोहता येत नव्हतं. तिसऱ्या पायरीच्या खाली ते कधी उतरले नाहीत. त्यांचं पालिकेकडे मागणं एवढंच होतं : घाटावर एक दोर, दोन रिंगा आणि दोन पगारी पोहणारे ठेवा. दर पावसाळ्यात वरच्या धरणातून पाणी सुटलं की कोणीतरी वाहून जायचं. पालिका हळहळायची आणि पुढच्या वर्षी घाटावर नवं कारंजं बसवायची.

अर्ज ते इंग्रजीतच लिहीत; साहेब घाबरतो म्हणे. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, म्हणून तपासायला माझ्याकडे आणत. पहिल्या अर्जाचा विषय होता, 'शॉर्टेज ऑफ ह्यूमन बीइंग्ज ॲट घाट'. मी लाल पेन्सिलीने दुरुस्त केला. ते रागावले. "वहिनी, व्याकरण सुधारलंत, पण दम काढून घेतलात!"

पालिकेच्या ऑफिसातल्या क्लार्कने त्यांना शांतपणे समजावलं, "काका, घाट आमच्याकडे, पाणी पाटबंधारेवाल्यांकडे. माणूस पायरीवर बुडाला तर आम्ही बघू."

"पायरीवर कोण बुडतं?"

"म्हणून तर आमच्याकडे केस नाही."

भाऊजी चार वर्षं चकरा मारत राहिले. शेवटी त्यांना कंटाळून पालिकेने दोर आणि दोन लाल-पांढऱ्या रिंगा पाठवल्या. फोटो निघाले. मग घाटावरच्या चौकीत त्या कुलूपबंद झाल्या, कारण चौकीदाराला वरून ताकीद होती : सरकारी सामान भिजता कामा नये.

भाऊजी रोज विचारायचे, "अरे, ते पाण्यासाठीच आहे ना?"

चौकीदार म्हणायचा, "हाय ना. पन भिजलं तर माझ्यावर येईल."

मग आली खंडेनवमी. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे हत्यारांची, अवजारांची पूजा करतात, आणि त्या दिवशी ती वापरत नाहीत. माझी शिलाई मशीनसुद्धा तेव्हा सुट्टीवर असते. मी त्या सकाळी झेंडू आणायला घाटाकडे गेले होते, म्हणून पुढचं सगळं डोळ्यांनी पाहिलं.

चौकीदाराने चौकी उघडून मोठ्या भक्तीने पूजा मांडली होती : फावडं, खराटा, दोर, रिंगा. सगळ्यांना हळद-कुंकू, वर झेंडूच्या माळा. तेवढ्यात भाऊजी ओरडले, "जोड एकतीस, डोकी तीस!" सवयीने कोणी लक्ष दिलं नाही. मग फुलवाली किंचाळली. पिंपळगावचा एक जाडजूड कांदा व्यापारी शेवटच्या पायरीवरून घसरला होता आणि पन्नासेक हातांवर, घाटाशेजारच्या पुलाच्या खांबाला मिठी मारून लटकला होता.

भाऊजी चौकीकडे धावले. चौकीदार दारात आडवा आला. "साहेब, आज पूजेला लावलंय. उद्या सोनं लुटलं का मग उचलू."

"उद्यापर्यंत तो थांबेल का, विचारून ये त्याला!"

"पन देवाला काय सांगू?"

"सांग, गांगुर्डेने नेलं. सही नंतर करतो!"

दोर, रिंग, माळ, सगळं एकत्र उचलून ते पळाले, पुलावर चढले आणि वरून रिंग सोडली. ती व्यापाऱ्याने गळ्यात घातली. चार तरण्या माणसांनी दोर ओढत त्याला काठाला आणलं. कपाळाला रिंगेचं कुंकू, गळ्यात झेंडूची माळ. मागून आलेल्यांना वाटलं, कोणाचा तरी सत्कार चाललाय. दम परत येताच व्यापारी म्हणाला, "माझी चप्पल?"

"हा घ्या एकतिसावा जोड," भाऊजी म्हणाले, आणि पायरीवर मट्कन बसले.

त्यानंतर मात्र चक्रं फिरली. नगरसेवकांनी श्रेय घेतलं, बजेटमध्ये तरतूद झाली आणि दिवाळीनंतर दोन पगारी जीवरक्षक घाटावर रुजू झाले, नारिंगी जाकिटात. दोघं कोळी भाऊ, माशासारखे पोहणारे. चपला मोजायची गरजच संपली.

तुमचे आजोबा म्हणाले, "आता हा माणूस सकाळचं करणार काय?" मलाही तीच काळजी होती. म्हणून आठवड्याभराने एका दुपारी भाऊजी वही घेऊन आमच्या दारात उभे राहिले, तेव्हा मला बरंच वाटलं. मी चष्मा चढवला, लाल पेन्सिल काढली.

"द्या. या वेळी काय मागताय? होडी?"

"अर्ज नाहीये, वहिनी." ते चुळबुळले. वही उघडून कोरं पान काढलं. "ती पोरं पहाटे पाचला उपाशीपोटी येतात हो. शैला असती तर..." मग पेन उघडून म्हणाले, "तिघांना पोहे किती भिजवायचे?"

मी म्हटलं, "माणशी दोन मुठी."

त्यांनी ते लिहून घेतलं. खाली रेघ मारली.

"आणि त्यातल्या धाकट्याला तिखट सोसत नाही," ते म्हणाले. "मिरच्या मोठ्या चिरल्या, तर त्याला वेचता येतील ना?"