खिडकीपाशीची खुर्ची

"कमी हात पिठाला, कमी जीभ गिऱ्हाइकाला, मग फुगतो स्कोन, पोरी, जसं शीड वाऱ्याला."

आईचा हा आवाज इशबेल रँकिनच्या कानात पन्नास वर्षं घर करून होता. आई केव्हाच चर्चमागच्या गवताखाली जाऊन निजली; पण पहाटे स्कोनच्या, त्या भट्टीत फुगणाऱ्या छोट्या पावांच्या, पिठात हात घातला की ती बोलायचीच. इशबेल तिचं ऐकायची. पिठाला चार बोटं लावायची आणि गिऱ्हाइकाला चार शब्द. पाचवा शब्द हवाच असेल, तर विल्मा होती.

विल्मा म्हणजे इशबेलच्या दिवंगत नवऱ्याची बहीण. नवरा गेला, नणंद राहिली. विद्यापीठाच्या चॅपलच्या समोरच्या बोळात, पाच टेबलांच्या त्या कॅफेत एक भाजायची, दुसरी वाढायची आणि टोचायची.

आणि खिडकीपाशीच्या खुर्चीत लम्सडेन बसायचे. चाळीस वर्षं विद्यापीठाच्या प्रश्नपत्रिका ज्यांच्या हाताखालून छापून गेल्या, पण एक प्रश्न कधी बाहेर फुटला नाही, असा हा माणूस. निवृत्त झाले तरी तोंडाला लागलेलं कुलूप तसंच राहिलं होतं. बावीस वर्षं रोज सकाळी साडेदहाला येणार, टोपी गुडघ्यावर ठेवणार, चहा आणि चीज घातलेला एक स्कोन मागवणार. अर्धा खाणार, अर्धा "नंतरला" म्हणून कागदात बांधणार. जाताना दारात थांबून म्हणणार, "वाईट नाही."

या गावात याच्या वरचा शब्द नाही. लग्नात नवरीला पाहून सासू हेच म्हणते. इशबेल रोज तो शब्द एप्रनच्या खिशात टाकून ठेवायची आणि दिवसभर तिला तो पुरायचा.

ऑगस्टात गिऱ्हाईक अगदीच आटलं. एका सकाळी लम्सडेन वर्तमानपत्राआड असताना इशबेल विल्माला म्हणाली, "मोसम असाच गेला ना, तर हिवाळ्यात दार बंद करते बाई. गुडघेपण आता कुरकुरतात."

"गुडघ्यांचं काय सांगता, वहिनी. आपलं दारपण कुरकुरतं. कुणी उघडत नाही ना, म्हणून."

वर्तमानपत्र जरासं हललं. बस्स, तेवढंच.

सप्टेंबर उजाडला आणि आईबापांच्या गाड्यांतून नवी पोरं गावात उतरली. पहिल्याच सोमवारी साडेनऊला इशबेलनं दार उघडलं, तर दारात अकरा माणसं.

"कोण मेलं?" विल्मानं विचारलं.

कुणी मेलं नव्हतं. अकरांतल्या एकानं कागद पुढे केला. बसथांब्यावर, ग्रंथालयात, वसतिगृहांच्या दारांत कुणीतरी हे कागद ठेवून गेलं होतं. जाड, दुधाळ कागद, काळीभोर शाई. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'गावातली नऊ उत्तम कॅफे.' दुसऱ्या नंबराला 'अप्रतिम', तिसऱ्याला 'स्वर्गीय', असं करत नवव्यापर्यंत कौतुकाची कारंजी. आणि पहिल्या नंबरावर एवढंच: 'इशबेल रँकिन, चॅपलसमोरचा बोळ. वाईट नाही.'

"अगं बाई!" इशबेल मटकन खुर्चीवर बसली. "इतकं?"

"चारचौघांत छापून!" विल्मानंही कागद पुन्हा वाचला.

बुधवारपर्यंत त्या कागदाचा फोटो जगभर फिरला होता. साडेदहाला लम्सडेन आले, तेव्हा त्यांच्या खुर्चीत एक धिप्पाड गोल्फवाला बसला होता आणि शेजारच्या खुर्चीत त्याच्या काठ्यांची पिशवी. लम्सडेननी टोपी काढली, खुर्चीकडे पाहिलं, टोपी पुन्हा घातली आणि गेले.

"अहो लम्सडेन, थांबा जरा, मी उठवते त्याला!" इशबेल पिठाच्या हातांनी दारापर्यंत धावली. धुकं समुद्रावरून वर चढत होतं. त्या धुक्यात ती टोपी विरघळली.

चार दिवस ते आले नाहीत. रविवारी चॅपल सुटल्यावर विद्यापीठाच्या लाल झग्यांतली पोरं प्रथेप्रमाणे धक्क्यावर फेरी मारायला निघाली, तेव्हा इशबेलनं त्यांच्यामागून पाहिलं. धक्क्याच्या टोकाला बाकावर लम्सडेन थर्मासच्या झाकणातून चहा पीत होते. पायाशी त्यांचा नेहमीचा लठ्ठ समुद्रपक्षी, ज्याला गाव 'बिशप' म्हणतं. बिशप बिचारा वाळला होता. पहिला नंबर आला, आणि पहिलं माणूस गेलं.

"आपण वाईट होऊ या," घरी येऊन ती विल्माला म्हणाली. "वाईट कॅफेत कोण थांबेल? गर्दी गेली की खुर्ची मोकळी."

"वाईट व्हायला मला वेळ लागणार नाही, वहिनी."

सोमवारी इशबेलनं पीठ दहा मिनिटं मळलं. आई कानात ओरडत होती, तरी मळलं. स्कोन असे झाले की ताटलीत टाकले तर ताटली दचकायची. लोकांनी ते चहात बुडवले, डोळे मिटले आणि म्हणाले, "जुन्या काळची चव!"

विल्मानं एका पाहुण्याला सुनावलं, "खायचं तर खा, नाहीतर ऊठ. आणि जाताना दार लाव, तुझ्या आईनं शिकवलं नसेल तर मी शिकवते."

पाहुण्याचा चेहरा उजळला. "बाई, हेच पुन्हा म्हणाल का? बायकोला फोनवर दाखवायचंय."

"बायको कशी काय मिळाली तुला?"

टाळ्या पडल्या. संध्याकाळपर्यंत विल्माकडून अपमान करून घ्यायला वेगळी रांग लागली.

रांग बोळाबाहेर पडली, रस्ता ओलांडून चॅपलच्या फाटकापाशी पोहोचली आणि तिथे घोटाळा झाला. फाटकासमोर फरशीत दोन अक्षरं बसवलेली आहेत. फार पूर्वी एका हुतात्म्याला तिथे जाळलं, ती त्याच्या नावाची आद्याक्षरं. विद्यार्थ्यानं त्या अक्षरांवर पाय दिला की तो नापास. यात चर्चा नाही. गुरुत्वाकर्षणावर इथली पोरं वाद घालतील, यावर नाही. म्हणून रांगेतली पोरं अक्षरांपाशी आली की दोन्ही बाजूंना फाकायची, आणि मधे स्वच्छ रिकामी जागा राहायची.

बाहेरच्या माणसाला रिकामी जागा म्हणजे नशीब. ओहायोहून लेकीला पोहोचवायला आलेले एक गृहस्थ लेकीसह त्या जागेत शिरले आणि चाळीस मिनिटं उभे राहिले. रांगेतल्या पोरांनी खुणा केल्या, हातवारे केले. त्यांना वाटलं, गाव प्रेमळ आहे. त्यांनीही हात हलवले. शेवटी कुणीतरी मुलीला सांगितलं. तिनं पायाखाली पाहिलं आणि जो हंबरडा फोडला, त्यानं चॅपलच्या छपरावरची कबुतरं उडाली.

बाप तिला घेऊन तडक कॅफेत. "तुमच्या स्कोनपायी माझी पोर नापास झाली!"

"अजून तर वर्ग सुरू व्हायचेत," इशबेल म्हणाली.

"तेच तर! न शिकताच नापास! काही उतारा आहे का नाही?"

"आहे की," विल्मा म्हणाली. "मे महिन्याच्या एक तारखेला पहाटे समुद्रात बुडी मारायची. डोक्यासकट."

"मे महिन्यात? अजून आठ महिने आहेत!"

"मग आठ महिने अभ्यास करू दे. तोही उतारा चालतो म्हणतात."

मुलगी आणखी मोठ्यानं रडू लागली. रांगेत तंटा पेटला: रांग अक्षरांच्या अलीकडे मोजायची की पलीकडे? बस अडली. बसचा चालक उतरून भांडण सोडवायला आला आणि थोड्या वेळानं स्कोन खात परत गेला.

इशबेलनं एप्रन सोडला. "बास. ज्यानं छापलं त्याला शोधत बसायला वेळ नाही. आपणच छापू. 'पहिला नंबर चुकून दिला गेला, माफी असावी.' गावात छापणारा माणूस एकच."

"जा, वहिनी. आणि त्यांना सांगा, खुर्ची पुसून ठेवलीय."

लम्सडेनचं घर बंदराच्या चढावर. इशबेल आजवर त्या दारापर्यंत कधी आली नव्हती. त्यांनी दार उघडलं, ते शर्टाच्या बाह्या वर करून. मनगटापर्यंत शाई.

"इशबेलबाई, तुम्ही!"

"मला एक माफीनामा छापून हवाय."

मजकूर ऐकताना लम्सडेनचा चेहरा एकेका ओळीसरशी पांढरा पडत गेला. "चहा टाकतो," ते म्हणाले आणि स्वयंपाकघरात जवळजवळ पळाले.

खोलीच्या मध्यावर जुनं हातछपाईचं यंत्र होतं. त्यात शिशाची अक्षरं अजून जुळलेलीच होती, उलटी, जशी छपाईआधी असतात. इशबेलनं पर्समधला छोटा आरसा काढला. केस नीट करायलाच काढला होता, देवाशपथ. पण हात तिरका झाला, आणि आरशात ओळी सरळ झाल्या. 'गावातली नऊ उत्तम कॅफे. एक: इशबेल रँकिन.'

दारात कपबशी खुळखुळली. लम्सडेन ट्रे घेऊन उभे होते.

"चाळीस वर्षांत एक प्रश्न फुटला नाही तुमच्या हातून," इशबेल म्हणाली. "आणि मी फुटले?"

"तुम्ही म्हणालात, दार बंद करणार. मग मी साडेदहाला कुठे जायचं?"

"आता कुठे जाता? धक्क्यावर! थर्मास घेऊन! हे तुमचं डोकं!"

"खुर्ची जाईल हे... सुचलं नाही."

"आणि एवढा माझा स्कोन आवडत होता, तर बावीस वर्षांत एकदा तोंडानं धड बोलायचं होतं. गावाला बोलावलंत, मला नाही सांगितलंत."

खिडकीबाहेर कठड्यावर बिशप येऊन बसला होता, चोच काचेला लावून, हाडांचा सापळा. इशबेलनं पक्ष्याकडे पाहिलं, मग लम्सडेनकडे. मग पुन्हा पक्ष्याकडे. कागदात बांधलेले बावीस वर्षांचे अर्धे स्कोन तिच्या डोळ्यांपुढून एकेक करून उडत गेले.

"लम्सडेन," ती सावकाश म्हणाली, "छपाईत कधी खोटं घातलंत?"

"कधीच नाही. म्हणून तर 'वाईट नाही' एवढंच घातलं."

त्यांनी ट्रे खाली ठेवला. हात पुसायला फडकं शोधलं, सापडलं नाही, तसेच शाईचे हात पाठीमागे बांधले. कानांपर्यंत लाल झाले.

"चीज मला लहानपणापासून सोसत नाही, इशबेल," ते म्हणाले. "मी स्कोनसाठी कधीच येत नव्हतो."