आतलं मशीन कुणाचं

महालिंगप्पांच्या पत्राला पंचाक्षरी गुरुजींनी उत्तर दिलं नव्हतं. पत्र आलं तेव्हा कार्तिकी पौर्णिमा होती. आता मार्गशीर्ष संपत आला होता आणि कोटाच्या आतल्या खिशात राहून पत्र घडीवर फाटायला लागलं होतं. उत्तर द्यायचं नाही असं गुरुजींच्या मनात एकदाही आलं नव्हतं. उलट पत्र आलं त्याच दिवशी त्यांनी दौत-टाक घेऊन 'आपलं कृपापत्र पोचलं' एवढा मजकूर लिहिलाही होता. पुढचं वाक्य काही त्यांना सुचत नव्हतं.

पत्र साधंच होतं. लातूरच्या महालिंगप्पांचा मुलगा वीरभद्र आणि गुरुजींची मुलगी चन्नम्मा यांचं लग्न ठरलं होतं. फक्त तिथी धरायची राहिली होती. महालिंगप्पांनी लिहिलं होतं : 'चिरंजीवांस मनगटी घड्याळ आपण द्यावयाचे ठरले आहे. बार्शीच्या दुकानी दोन घड्याळे पाहिली. एकाचे आतील मशीन त्याच कंपनीने स्वतः केलेले आहे. दुसऱ्याच्या तबकडीवर नाव एकाचे, पण मशीन दुसऱ्या कारखान्यातून विकत घेऊन बसविलेले आहे. किंमत सारखीच. आपण वाचनाचे माणूस, आपण म्हणाल ते घेऊ. तिथी कोणती धरावी तेही कळवावे.'

म्हणजे प्रश्न दोन होते. प्रश्न क्रमानं सोडवावेत, असं गुरुजींनी येडशीच्या शाळेत तीस वर्षं शिकवलं होतं.

"अवं, तिथी तरी कळवा," सिद्धम्मा म्हणाल्या.

"पहिल्या प्रश्नाचं उत्तर झाल्याशिवाय दुसऱ्याचं कसं देणार?"

"त्यांनी काय परीक्षा मांडलीया व्हय?"

 गुरुजींच्या मते ती परीक्षाच होती.

पहिल्या चार दिवसांत त्यांचा कौल स्वतःचं मशीन बनवणाऱ्या कंपनीकडे झुकला होता. त्याला कारण होतं त्यांचं खिशातलं घड्याळ. ते वडिलांनी दिलेलं, विलायती, आणि त्याचं मशीन त्याच कंपनीचं. वर्गात शिस्तीचा विषय निघाला की गुरुजी ते साखळीला धरून वर उचलत आणि म्हणत, "माणूस असावा तर ह्या घड्याळासारखा. आतबाहेर एकच." पण उत्तर लिहायला बसले आणि शंका आली. आपल्याला घड्याळातलं काय कळतं? जाणत्या माणसाला विचारलेलं बरं. म्हणून ते धाराशिवला चाँदसाब घड्याळजींकडे गेले.

चाँदसाबांनी डोळ्याला भिंग लावलं, गुरुजींच्या घड्याळाचं मागचं झाकण उघडलं आणि आतली चाकं निरखली.

"बुरा मत मानो, गुरुजी," ते म्हणाले. "ह्यातलं मशीन ह्या कंपनीचं न्हाय."

"काय सांगता!"

"पंधरा बरस झाले. तुमच्या हातून आडात पडलं होतं ना?"

"पडलं होतं. पण तुम्ही दुरुस्त करून दिलंत."

"दुरुस्त कैसा करू? चाकाचे दात गेले होते. सामान विलायतेतून यायला पायजे, ते काय आलं न्हाय. मग दुसऱ्या कारखान्याचं मशीन बसवलं. डबी तीच, तबकडी तीच. तुमच्या वालिदसाहेबांनी सांगितलं, आमच्या पोराला कळू देऊ नका, जेवण सोडंल."

गुरुजींनी घड्याळ कानाला लावलं. ते पंधरा वर्षं चालत होतं तसंच चालत होतं.

"मग इतकी वर्षं हे बिनचूक चाललं ते?"

"दुसऱ्याचं मशीन हाय म्हणून चाललं. त्याचं सामान माझ्या खणात पडलेलं असतंय. कंपनीचं घरचं मशीन बिघडलं, आता ह्या लढाईत, तर सामान कुठून आणता?"

"म्हणजे दुसऱ्याचं मशीन घ्यावं, असं तुमचं मत?"

"तसं मी कैसा बोलू?" चाँदसाब भिंग काढत म्हणाले. "घरच्या मशीनची शान वेगळी असती."

गुरुजी गेले होते त्यापेक्षा जास्त गोंधळून परत आले. वर्गात तीस वर्षं काय सांगितलं, याचा विचार करण्यात त्यांचे दोन दिवस गेले. मग त्यांनी ठरवलं की आता कुणाच्या मतावर जायचं नाही. दोन्ही घड्याळं समोर ठेवून प्रयोग करायचा. ते बार्शीला गेले. दुकानदार महालिंगप्पांच्या ओळखीचा. व्याही म्हटल्यावर त्यानं दोन्ही घड्याळं आठ दिवसांच्या बोलीवर दिली. परत येताना निजामाच्या हद्दीतल्या नाक्यावर कारकुनानं विचारलं, "दो घड्याळं कशाला, गुरुजी?"

"तुलनेसाठी," गुरुजी म्हणाले.

कारकुनाच्या जकातीच्या यादीत 'तुलना' बसत नव्हती. त्यानं सोडून दिलं.

प्रयोग असा होता : एक घड्याळ मनगटावर, एक घरातल्या कोनाड्यात. रोज सकाळी स्टेशनावरच्या घड्याळाशी दोन्ही मिळवायची, संध्याकाळी फरक वहीत लिहायचा आणि दुसऱ्या दिवशी जागा बदलायची. स्टेशनाचंच घड्याळ धरायचं, कारण त्याला सरकारचा आधार. लढाईमुळे रेल्वेनं आपली घड्याळं तासभर पुढं नेली होती. ते नवं टाइम स्टेशनाच्या फाटकापर्यंत चालायचं. फाटकाबाहेर येडशी गाव जुन्या टाइमवर उठत होतं, जेवत होतं आणि निजत होतं.

पहिल्या दिवशी घरचं मशीन कोनाड्यात होतं. संध्याकाळी ते एक तास मागं पडलेलं निघालं. गुरुजींनी वहीत तसं लिहिलं आणि त्यांना हळहळ वाटली. दुसऱ्या दिवशी विकतचं मशीन कोनाड्यात ठेवलं. तेही संध्याकाळी एक तास मागं. तिसऱ्या दिवशी पुन्हा पहिलं मागं. मनगटावरचं मात्र रोज बिनचूक.

आठ दिवसांत गुरुजींच्या ध्यानात आलं की दोष मशीनचा नाही, कोनाड्याचा आहे. घड्याळाला अंगाची ऊब लागत असावी. मग त्यांनी कोनाड्यातल्या घड्याळाला मफलर गुंडाळला. एक तास मागं. मफलरावर घोंगडीचा तुकडा गुंडाळला. एक तास मागं. आठ दिवसांची बोली केव्हाच संपली होती. पण अर्धवट प्रयोग परत करण्यात अर्थ नव्हता. शेवटी त्यांनी घड्याळ फडक्यात बांधून ज्वारीच्या कणगीत खोल ठेवलं. संध्याकाळी काढून पाहिलं तर मिनिटाचाही फरक नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. गुरुजींनी वहीत लिहिलं, 'ज्वारीत दोन्ही यंत्रे उत्तम चालतात,' आणि त्याखाली दोन रेघा मारल्या.

तिसऱ्या दिवशी सिद्धम्मा दळणासाठी ज्वारी काढायला गेल्या आणि हातात पुरचुंडी घेऊन बाहेर आल्या.

"ह्ये ज्वारीत कुणी घातलं? म्या तीन दिस झालं हुडकतीया."

"कशाला?"

"मागं घ्यायला."

"काय मागं घ्यायला?"

"काटं. रोज घेते की. ह्ये कोनाड्यातलं घड्याळ लई पुढं पळतंय बगा, सारखं तासभर पुढं. आमचा सैपाक जुन्या टायमावर हाय. लढाईचं टाइम चुलीला कळत न्हाय."

गुरुजींनी वही मिटली.

"आन् मफलर कशाला गुंडाळला व्हता? गाठी सोडता सोडता माझी नखं गेली."

"मला सांगायचं तरी एकदा."

"म्हटलं, तुमी वाचण्यात असता. रोज रोज एवढं कशाला सांगायचं? पर लई नाठाळ घड्याळ. मागं घेतलं की रातीतनं परत पुढं जातंय."

रोज सकाळी ते पुढं कोण नेत होतं, हे गुरुजींनी सांगितलं नाही. त्यांनी नवी वही काढली, 'प्रयोग दुसरा' असं लिहिलं आणि कुणाचा हात लागू नये म्हणून दोन्ही मनगटांवर एकेक घड्याळ बांधलं.

तिकडे बार्शीच्या दुकानदारानं वाट पाहून लातूरला पत्र टाकलं होतं. त्यामुळे अमावस्या चार दिवसांवर असताना महालिंगप्पा दुपारच्या गाडीनं येडशीला उतरले आणि थेट गुरुजींच्या ओसरीवर आले. मोठे आडत व्यापारी, पण सतरंजीच्या अगदी कडेवर बसले. डोक्याचा पटका काढला नाही. सिद्धम्मांनी गूळ-पाणी ठेवलं, त्याला हात लावला नाही.

"शरणु, गुरुजी. एकच विचारायला आलो. मुलगी द्यायची न्हाय, तर न्हाय म्हणा. आमी काय जोर केला न्हाय."

"छे छे! असं कसं?"

"सवा महिना झाला पत्राला. उत्तर न्हाय. आन् तिकडं बार्शीवाला लिवतोय, तुमचे व्याही दोन्ही घड्याळं घिऊन गेले ते गेलेच." महालिंगप्पांची नजर गुरुजींच्या मनगटांवर गेली. आधी एका, मग दुसऱ्या. "आमची थोरली बहीण शांताक्का. तिचा शब्द घरात चालतो. ती म्हणती, सून न्हाय, उत्तर न्हाय, आन् घड्याळंबी गेली. निलंग्याच्या मुलीकडच्यांना तिनं अमुशेनंतर या म्हणून निरोप धाडलाय."

आत जातं फिरत होतं, ते थांबलं.

 गुरुजींनी खिशातून पत्र काढलं, दोन्ही वह्या आणल्या आणि मान खाली घालून सगळं सांगितलं. आड सांगितला, चाँदसाब सांगितले, मफलर सांगितला. महालिंगप्पा आधी अविश्वासानं ऐकत होते. ज्वारीपाशी आल्यावर त्यांनी पटका काढून मांडीवर ठेवला.

"म्हणजे तुमी सवा महिना निसतं घड्याळ बगत बसला?"

"पहिला प्रश्न तोच होता."

"अवं गुरुजी, ते आपलं मान द्यायला म्हणून विचारलं! पत्रात कायतरी लिवायला पायजे का न्हाय? विचारायची व्हती ती तिथी."

गुरुजी ओशाळले. महालिंगप्पांनी गुळाचा खडा तोंडात टाकला, पाणी प्यायले आणि जरा सरकून सतरंजीच्या मध्यावर आले.

"बरं, इतकं बगितलं तर सांगा आता. कोणतं घ्यावं?"

"विकतच्या मशीनचं. बिघडलं तर दुरुस्त होईल."

"बिघडंल म्हणून घ्यायचं व्हय? घरचं मशीन घ्या की, बिघडायचंच न्हाय."

"बिघडलं तर?"

"पर का बिघडंल?"

"आडात पडलं तर?"

"वीरभद्र कशाला आडाकडं जाईल?"

"मीही गेलो नसतो. पण दोर..."

"घरच्या मशीनला इभ्रत असती गुरुजी. तबकडीवर एकाचं नाव, आत दुसऱ्याचं मशीन, ह्ये काय बरं दिसतंय?"

"दिसत नाही, हाच तर मुद्दा आहे. मला पंधरा वर्षं दिसलं नाही."

महालिंगप्पांनी वही ओढून घेतली आणि ते आकडे वाचू लागले. गाडीची वेळ होत आली होती. तेवढ्यात आतलं दार करकरलं आणि चन्नम्मा पीठ लागलेल्या हातांनी उंबऱ्यात येऊन उभी राहिली. होणाऱ्या सासऱ्यासमोर त्या घरातली मुलगी अशी कधी आली नव्हती.

"अप्पा," ती खाली बघत वडिलांना म्हणाली, "तिथी."

महालिंगप्पांनी वही खाली ठेवली. सिद्धम्मांनी पंचांग आणून दोघा व्याह्यांच्या मध्ये, वहीवर ठेवलं. माघ शुद्ध पंचमी दोन मिनिटांत ठरली.

"उगंच वेळ गेला," महालिंगप्पा म्हणाले आणि पटका बांधून उठले. "ह्ये एक द्या इकडं." त्यांनी गुरुजींच्या उजव्या मनगटाकडे बोट दाखवलं. "ते दुसरं बार्शीला परत करा."

"पण हे..." गुरुजी सुरू करणार, इतक्यात सिद्धम्मा खाकरल्या. गुरुजींनी मुकाट्यानं पट्टा सोडला. कोणत्या मशीनचं ते महालिंगप्पांनी विचारलं नाही, आणि गुरुजींनी सांगितलं नाही.

"आता दोन ओळी लिवा."

"तिथी तर ठरली. आपण समक्ष आहात."

"माझ्या तोंडचं शांताक्काला पटायचं न्हाय. ती म्हणल, ह्योच गोड बोलून आला. तिला पत्र पायजे."

गुरुजींनी टाक उचलला. 'आपलं कृपापत्र पोचलं' या वाक्याला आता दुसरं वाक्य मिळालं : 'आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देत आहे.' खाली तिथी लिहिली, सही केली, कागद पाकिटात घातला आणि पाकीट महालिंगप्पांच्या पुढं धरलं.

महालिंगप्पा दोन पावलं मागं सरले.

"माझ्या हातात नगं. टपालानं धाडा. शिक्का बगितल्याबिगर ती उघडायची न्हाय."

दोघे स्टेशनाकडे निघाले. गाडी लागलेली होती. गुरुजी टपालपेटीपाशी थांबले, पाकिटावरचा पत्ता त्यांनी एकदा वाचला, पुन्हा एकदा वाचला, आणि शेजारी उभ्या असलेल्या महालिंगप्पांना तो वाचून दाखवला.

"बरोबर हाय," महालिंगप्पा म्हणाले. "टाका आता."

गुरुजींनी पत्र पेटीत टाकलं. आणि ज्यांना ते लिहिलं होतं ते गृहस्थ, एक हात गुरुजींच्या खांद्यावर ठेवून, ते नीट आत पडलं की नाही हे पेटीच्या फटीतून वाकून बघत राहिले.