चौकोनांचा डबा

“दक्षता, चौरसाला एकाच खोक्यात कोंडू नकोस हो. तो आयतही आहे आणि समभुज चौकोनही. दोन्हीकडचा आहे तो. आणि छापायला द्यायच्या आधी मला एकदा सगळं वाचून दाखव.”

दगडूमास्तरांचं हे बोलणं दक्षताला गुरुवारी सकाळी देवापुढे निरांजन लावताना आठवलं. वाचून दाखवीन, असं तिने कबूल केलेलं. मास्तरांना आता अक्षर दिसत नव्हतं. मुलांच्या गणितकोशातला चौकोनांचा विभाग त्यांनी दिसत होतं तोवर स्वतःच्या हाताने कार्डांवर लिहून काढला होता. दुसरी प्रत नव्हती. आणि उद्या सकाळी त्यांची लेक त्यांना ठाण्यातल्या खोपटच्या डेपोवरून कायमची देवरुखला घेऊन जाणार होती.

मानपाडा रोडच्या ऑफिसात पोचल्यावर तिने फळीकडे पाहिलं. कोशाला खोकी घेणं परवडत नव्हतं, म्हणून ज्याला जे सापडेल त्यात नोंदी लावलेल्या. त्रिकोण मिठाईच्या खोक्यात होते. वर्तुळं बुटांच्या खोक्यात होती. चौकोन स्टीलच्या डब्यात असायचे. आज डबाच नव्हता.

“कोणी कशाला हात लावू नका!” कमलेश दारातूनच गरजला.

कमलेश कोशाचा मुद्रितशोधक. पण ते तो पोटापुरतं मानायचा. “अख्ख्या ठाणे जिल्ह्यात,” तो म्हणायचा, “वासावरून माणूस, चालीवरून गाव आणि गप्प बसण्यावरून गुन्हा ओळखणारा मेंदू एकच आहे. त्याला डोंबिवलीचंच भाडं परवडतं, म्हणून तो तुम्हाला लाभलाय.” गेल्या वर्षी त्याने सोसायटीतली हरवलेली चप्पल शोधली होती. ती त्याच्याच पायात होती, पण शोधली होती हे खरं.

त्याने फळीवरून बोट फिरवलं आणि चाटलं.

“चकली. भाजणीची. मोहन योग्य प्रमाणात. म्हणजे गुन्हेगार खाऊनपिऊन सुखी आहे.”

“दादा, मला आज संध्याकाळी मास्तरांकडे जायचंय,” दक्षता हळू आवाजात म्हणाली. “कार्डं मिळाली नाहीत तर...”

“मिळतील. सौमित्र, इकडे ये!”

सौमित्र गणितात एमएस्सी झालेला, नोंदी लावण्याचं काम त्याच्याकडे. चौरसाला फक्त आयताखाली ठेवायचं, यावर तो काल दक्षताशी तासभर भांडला होता. एक नोंद, एक घर. नाहीतर कोशाची धर्मशाळा होईल, असं त्याचं म्हणणं.

“काल तू चौरसाला घराबाहेर काढायची भाषा केलीस,” कमलेश म्हणाला.

“अरे, घरात घालायची केली!”

“गुन्हेगार नेहमी उलट बोलतो.”

“आणि सुलट बोललो तर?”

“तर तो सराईत.”

सौमित्रने हात जोडले आणि वर्तुळं उघडली.

दुपारपर्यंत दुसरा सिद्धान्त तयार झाला. वागळे इस्टेटमध्ये म्हणे एक टोळी आहे, ती चौकोनच चोरते.

“चौकोनच का?” दक्षताने विचारलं.

“रचून ठेवायला सोपे. वर्तुळं घरंगळतात.”

मग त्याची नजर तिच्याकडे वळली. “तुझा आज उपास ना? उपाशी माणूस काहीही करू शकतो.”

“उपाशी माणूस चकली सांडत नाही, दादा.”

कमलेशने हा मुद्दा मोठ्या मनाने मान्य केला. “ठीक. संशयितांचे तीन वर्ग करू. हेतू असलेले, संधी असलेले आणि चकली खाणारे.”

“काल शेवटी ऑफिस तुम्ही बंद केलंत. समोरच्या रंगूकाकूंच्या चकल्याही तुम्हीच संपवल्यात. मग तुम्ही कुठल्या वर्गात?”

“अन्वेषक कशातच मोडत नाही. त्याचा डबा वेगळा.”

दक्षता मनातल्या मनात नाम घेत होती. मास्तर रागावले असते तर बरं, असं तिला वाटलं. ते रागावणार नाहीत. ‘असू दे, बाळ’ म्हणतील. तेच तिला ऐकवणार नव्हतं.

ऊन उतरलं तेव्हा दार वाजलं. रंगूकाकू उभ्या. एका हातात स्टीलचा डबा, दुसऱ्या हातात धुतलेल्या फडक्यात बांधलेला गठ्ठा.

“घ्या गं, नारळाच्या वड्या केल्यात. आणि काय रे कमलेश, रिकामा डबा परत देऊ नये हे बरोबर, पण चिमूटभर साखर घालावी! कागद कसले घातलेस?”

सौमित्र आणि दक्षता दोघेही कमलेशकडे वळले.

“तुम्ही काल डबा मागितलात,” कमलेश शांतपणे म्हणाला. “बुडाशी कोरलेलं नाव वाचून मी मालक ओळखला. डबा जड लागला, त्यावरून तो रिकामा नाही हे ताडलं. यात चूक कुठे आहे?”

चूक खरंच कुठे नव्हती.

“मग सकाळीच का नाही आणलात, काकू?” सौमित्र कळवळला.

“रिकामा आणू? पहिला घाणा बिघडला मेला, पाक कच्चा राहिला. पुन्हा नारळ आणून खवला. कागद ठेवलेले देवघरात. एवढं सुंदर अक्षर, कुणाचा पाय नको लागायला.”

दक्षताने गठ्ठा दोन्ही हातांनी घेतला आणि कपाळाला लावला.

“पण काकू,” सौमित्रने डबा वर उचलून बुडाशी कोरलेलं नाव वाचलं, “हा आमच्या फळीवर ठेवायचा की तुमच्या?”

“नाव माझं, पण निम्मा काळ असतो तुमच्याकडे. दोन्हीकडचा आहे तो. त्यात काय एवढं?”

सौमित्रने दक्षताकडे पाहिलं. मग त्याने दोन कोरी कार्डं ओढली, दोन्हींवर ‘पहा: चौरस’ लिहिलं, एक आयताच्या मागे घातलं आणि एक समभुज चौकोनाच्या.

“प्रकरण यशस्वी,” काकू गेल्यावर कमलेशने जाहीर केलं आणि वडी तोंडात टाकली. तेवढ्यात त्याच्या कपाळाला आठी पडली. “थांबा. हा डबा आता परत करायचा. रिकामा देता येणार नाही. मग आत काय घालायचं?”

तो आणि सौमित्र, दोघेही डब्यावर वाकले. कमलेशने डब्याच्या काठावरून बोट फिरवलं आणि चाटलं.

दक्षताने चार वड्या कागदात बांधल्या, कार्डं पिशवीत उभी लावली आणि आवाज न करता दार ओढून घेतलं. उपास अजून सुटायचा होता. तो मास्तरांकडे, शेवटचं कार्ड वाचून झाल्यावर सोडायचा असं ठरवून ती ठाण्याच्या बसस्टॉपकडे चालू लागली.